नळ तुमचा, पाणी कुणाचं?

शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीच्या हाती दिला तर काय होतं? नागपूरनं हा प्रयोग केला, खंडव्यात त्यावरून वादळ उठलं, तर कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देण्याचं काम सार्वजनिक यंत्रणेकडूनच करून घेतलं. उद्या हा प्रश्न आपल्या गावात आला, तर आपण काय विचारायचं?

रिछाई ही जबलपूर शहराच्या कडेची औद्योगिक वसाहत. जबलपूरच्या दक्षिणेला नर्मदा वाहते. ज्या शहराजवळ नर्मदामाई आहे त्याला पाण्याची काय ददात, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण नदी गावाजवळून वाहणं वेगळं आणि घरातल्या नळाला पाणी येणं वेगळं. या दोहोंच्या मधे पंप असतात, शुद्धीकरण केंद्र असतं, उंच टाक्या असतात, जमिनीखाली मैलोन् मैल पसरलेले नळ असतात, वॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी असतो आणि दरमहा भरायचं विजेचं बिल असतं. हा सारा संसार सांभाळायचा कुणी आणि कुणाच्या पैशानं, हाच खरा प्रश्न आहे.

जबलपूर, भोपाळ, इंदूर आणि ग्वाल्हेर या चार शहरांच्या पाण्यासाठी २००३ मध्ये आशियाई विकास बँकेचं कर्ज मंजूर झालं, तेव्हा हा प्रश्न मध्य प्रदेशात ऐरणीवर आला. कर्ज म्हटलं की परतफेड आली, परतफेड म्हटली की वसुली आली आणि वसुली म्हटली की मीटर आलं. त्याच सुमारास देशभर एक विचार जोर धरत होता. महापालिकांना जमत नसेल, तर हे काम खाजगी कंपन्यांना का देऊ नये? केंद्र सरकारच्या २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीनंही खाजगी सहभागाला दार उघडं करून दिलं होतं.

या विचाराचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग पाहायला जबलपूरहून फार लांब जावं लागत नाही. पावणेतीनशे किलोमीटरवर नागपूर आहे. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच प्रांतात होती. तिथं काय झालं, ते जबलपूरकरांनीच काय, पुणे-नाशिककरांनीही नीट समजून घ्यावं असं आहे.

नळ दोन तासच का येतो?

आधी एक साधी गोष्ट पाहू. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेला येतं. कुठं सकाळी दोन तास, कुठं दिवसाआड, कुठं आठवड्यातून एकदा. आपण म्हणतो, पाणी कमी आहे म्हणून असं होतं. बऱ्याचदा कारण निराळंच असतं. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्याचा मोठा हिस्सा घरापर्यंत पोचतच नाही किंवा पोचला तरी त्याचं बिल होत नाही. जुने नळ गळतात, चोरून जोडण्या घेतल्या जातात, मीटर बंद पडतात. म्हणजे महापालिका पाणी शुद्ध करण्याचा सगळा खर्च करते आणि पैसे मिळतात ते त्यातल्या काही भागाचेच. तिजोरीत पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून गळती आणखी वाढते.

ठरावीक वेळच्या पाण्याचा दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. नळात पाणी असतं तेव्हा आतला दाब फटीतून पाणी बाहेर ढकलतो. पाणी बंद झालं की नळ रिकामे होतात आणि त्याच फटींतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरू शकतं. त्यात आपण टुल्लू पंप लावून पाणी ओढायला लागलो की नळातली घाणही ओढली जाते. शिवाय ज्याच्याकडे पंप त्याच्याकडे पाणी, बाकीच्यांच्या बादलीत नुसती हवा!

कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये अमेरिकी संशोधकांनी २०१० नंतर याचा अभ्यास केला. शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी होतं, बाकी भागांत काही दिवसांआड. ठरावीक वेळच्या नळांपैकी सुमारे तीस टक्के ठिकाणी विष्ठेतले जंतू सापडले. चोवीस तास पाण्याच्या भागात हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांतल्या निवडक वस्त्यांत हे अखंड पाणी जागतिक बँकेच्या कर्जातून आणि एका फ्रेंच कंपनीच्या देखरेखीखाली सुरू झालं होतं. म्हणजे चोवीस तास पाणी ही श्रीमंती चैन नव्हे. लेकरांच्या पोटाशी त्याचा संबंध आहे. पहाटे उठून हंडे-कळशा भरणाऱ्या बाईच्या झोपेशी तर आहेच आहे.

नागपूरचा पंचवीस वर्षांचा करार

नागपूरला अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान आणि मग पेंच असं टप्प्याटप्प्यानं पाणी मिळत गेलं. पाणी वाढलं, पण नव्वदीनंतर शहरही तितक्याच झपाट्यानं पसरलं. पुरवलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाण्याचं बिलच होत नव्हतं. महापालिकेनं आधी धरमपेठ भागात छोट्या प्रमाणावर प्रयोग केला आणि नंतर सगळ्या शहराचा पुरवठा एका कंपनीला द्यायचं ठरवलं. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज या दोघांनी मिळून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी उभी केली. १ मार्च २०१२ पासून शुद्धीकरण केंद्रापासून घरच्या नळापर्यंतचं काम तिच्याकडे गेलं. करार पंचवीस वर्षांचा! कामावर देखरेख ठेवायला महापालिकेनं स्वतःची एक वेगळी कंपनीही काढली. देशातल्या एखाद्या मोठ्या शहराचा अख्खा पुरवठा अशा रीतीनं सोपवण्याची ही पहिलीच मोठी घटना होती.

पण नेमकं दिलं काय? इथंच लोकांचा घोटाळा होतो. नागपूरचं पाणी विकलेलं नाही. धरण सरकारचं, नळ आणि टाक्या महापालिकेच्या, पाणीपट्टीचा दर ठरवण्याचा अधिकारही महापालिकेचाच. कंपनीनं यंत्रणा चालवायची, जुन्या जोडण्या बदलायच्या, मीटर बसवायची, बिलं द्यायची आणि वसुली करायची. त्याबद्दल तिला बिल झालेल्या पाण्यावर दर युनिटमागे ठरावीक मोबदला मिळणार. निविदेत हा दर सुरुवातीला ७ रुपये ९० पैसे होता. एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे आपल्या वीस लिटरच्या बादलीनं पन्नास बादल्या. पुढं ठरलेल्या सूत्रानुसार हा दर वाढत जाणार होता.

सुधारणांचा खर्च सुमारे ३८८ कोटी धरला होता. त्यातला सत्तर टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारचा, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून येणारा. कंपनीनं घालायचे ते तीस टक्के. 'खाजगी भांडवल येईल' असं आपण ऐकतो, तेव्हा हा हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

मग फायदा झाला की तोटा? प्रामाणिक उत्तर असं, की दोन्ही झालं. लाखो जुन्या, गंजलेल्या जोडण्या बदलायचं काम हाती घेतलं गेलं. शहराचे जलकुंभवार भाग पाडून गळती कुठं आहे याचा हिशेब ठेवण्याची पद्धत आली. तक्रार नोंदवायला चोवीस तासांचा दूरध्वनी आला. काही वस्त्यांत खरोखरच अखंड पाणी आलं आणि ज्यांच्याकडे ते आलं त्यांना पुन्हा दोन तासांवर जायचं नाही.

पण पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याचं जे ठरलं होतं, ते २०१७ पर्यंत पूर्ण झालं नाही. बिलं फुगल्याच्या तक्रारी आल्या, महापालिकेच्या सभागृहात गदारोळ झाले, कर्मचारी संघटनांनी विरोध केला. शहराच्या कडेच्या अनधिकृत लेआउटमध्ये जिथं नळच नाहीत, तिथं टँकर फिरत राहिले. जिथं मोबदला बिल झालेल्या पाण्यावर मिळतो, तिथं मीटर बसवण्याची घाई होणार हे उघड आहे. नवी लाइन टाकून गरीब वस्तीत नळ नेण्याची घाई करारात लिहून घेतली तरच होते.

आकाशातलं पाणी करारात येत नाही

२०१९ च्या जुलैमध्ये नागपूरकरांना आणखी एक धडा मिळाला. पेंच नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून येते. तिथं चौराईला नवं धरण झालं आणि खालच्या तोतलाडोहमध्ये येणारं पाणी घटलं. त्यातच पाऊस लांबला. तोतलाडोहनं तळ गाठला आणि महापालिकेला दिवसाआड पाणी सोडावं लागलं. चोवीस तास पाण्याचं स्वप्न पाहणाऱ्या शहरात दिवसाआड पाणी!

यात कंपनीचा दोष नव्हता. कंपनी नळ सांभाळते, नदी नाही. धरणातलं पाणी शेतीला किती, उद्योगाला किती, वरच्या राज्याला किती आणि खालच्याला किती, हे सरकारच ठरवतं. म्हणून 'खाजगीकरण झालं की पाण्याचा प्रश्न सुटेल' हे म्हणणं जितकं खोटं, तितकंच 'कंपनी आली म्हणून पाणी गेलं' हेही प्रत्येक वेळी खरं नसतं.

खंडवा आणि लातूर

किशोरकुमारचं खंडवा आपल्याला ठाऊक आहे. याच गावात नर्मदेचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून आणण्याची योजना २००९ च्या सुमारास एका खाजगी कंपनीला दिली गेली. बांधणीचा बराचसा पैसा सरकारी, पुढं दोन दशकांहून अधिक काळ चालवण्याचा हक्क मात्र कंपनीचा. २०१२ च्या अखेरीस अटी लोकांसमोर आल्या आणि गाव खवळलं. मीटरचे दर, सार्वजनिक नळांचं भवितव्य आणि कंपनीच्या पुरवठ्याला स्पर्धा होईल अशी दुसरी सोय पालिकेनं करू नये ही अट, हे वादाचे मुद्दे होते. म्हणजे आपल्या अंगणातल्या हातपंपाचं काय होणार, असा प्रश्न साध्या माणसांना पडला. हजारो लोकांनी लेखी हरकती नोंदवल्या. करार झाल्यावर तो वाचायला मिळाला, हे खंडव्याचं खरं दुखणं होतं.

लातूरलाही २००८ मध्ये पाणीपुरवठा चालवण्याचं काम दहा वर्षांसाठी कंपनीकडे देण्यात आलं. मीटर आणि आकारणी यांवरून लोक रस्त्यावर आले आणि ती व्यवस्था काही वर्षांतच कोलमडली. पुढं एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे धाडावी लागली. त्या रेल्वेची छायाचित्रं देशानं पाहिली. धरण आटायचं कारण अर्थात दुष्काळ. पण मधली काही वर्षं भांडणात गेली नसती, तर गळके नळ तरी दुरुस्त झाले असते.

मुंबईत अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागाचा अभ्यास जागतिक बँकेच्या साह्यानं २००६-०७ मध्ये सुरू झाला होता. तिथं लोकांनी इतका विरोध केला की गोष्ट पुढं सरकलीच नाही.

कंपनी नाही, तरी चोवीस तास

आता कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरकडे वळू. सातारा जिल्ह्यातलं हे छोटं गाव. इथं नगरपंचायत आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या दोन सार्वजनिक संस्थांनी मिळून २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं. जोडण्यांसाठी गंजणाऱ्या लोखंडाऐवजी प्लॅस्टिकचे नळ वापरले. प्रत्येक घराला मीटर आणि चढता दर लावला. म्हणजे कमी पाणी वापरणाऱ्याला स्वस्त, बाग शिंपणाऱ्याला महाग. मीटरला विरोध इथंही झाला असता, पण आधी लोकांशी बोलणं झालं आणि मग मीटर आलं. मलकापूर लहान गाव आहे, त्याला नागपूरचा पसारा नाही, हे मान्य. तरीही सरकारी यंत्रणेला हे जमतच नाही, या समजाला त्यानं छेद दिला.

मोठ्या शहराचं उदाहरण हवं असेल तर कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह घ्या. यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेलं हे शहर. १९९३ मध्ये तिथलं सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी गळती आणि चोरीत जात होतं. एक सोन चान नावाच्या अभियंत्यानं सरकारी जलमंडळाची सूत्रं हाती घेतली. त्यांनी चोरीत सामील असलेल्या कर्मचाऱ्यांना हटवलं, चांगलं काम करणाऱ्यांचे पगार वाढवले आणि मीटर सगळ्यांना लावलं, लष्करी अधिकाऱ्यांनाही. गरिबांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली. पुढच्या दीड दशकात वाया जाणारं पाणी सहा-सात टक्क्यांवर आलं आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्था सरकारीच होती, पण तिच्या रोजच्या कारभारात पुढाऱ्यांची ढवळाढवळ नव्हती.

उलट उदाहरणंही आहेत. बोलिव्हियाच्या कोचाबांबा शहरात १९९९ मध्ये पाणी परदेशी कंपनीच्या नेतृत्वाखालच्या मंडळीकडे गेलं. दर एकदम वाढले, शहर पेटलं आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार मोडावा लागला. पॅरिसनं जवळपास पाव शतक खाजगी कंपन्यांना दिलेलं काम २०१० मध्ये परत आपल्या हाती घेतलं. फिलिपाईन्सच्या मनिलात १९९७ मध्ये शहराचे दोन भाग करून ते दोन कंपन्यांना दिले. पूर्वेकडची सावरली, पश्चिमेकडची काही वर्षांतच डबघाईला आली. एकच शहर आणि एकच साल, तरी दोन निकाल!

सही होण्याआधी विचारा

या सगळ्यातून एकच सांगणं आहे. मालक सरकार की कंपनी, यापेक्षा कागदावर काय लिहिलंय आणि त्यावर नजर कोण ठेवतंय, याला जास्त महत्त्व आहे. पंचवीस वर्षांचा करार म्हणजे आज पाळण्यात असलेल्या मुलाच्या लग्नापर्यंतचा करार. घर घेताना आपण कागदपत्रं दहा वेळा वाचतो. मग शहराच्या पाण्याचे कागद न वाचता कसं चालेल? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. म्हणजे तुमचा नगरसेवक या बाबतीत 'हे आमच्या हातात नाही' असं म्हणू शकत नाही. त्याला पुढचे प्रश्न जरूर विचारा.

करार मराठीत आणि सहीच्या आधी वाचायला मिळेल का? निविदा निघाल्यावर किंवा सह्या झाल्यावर चर्चा करून काही उपयोग नाही.

दर कोण ठरवणार आणि किती वेळा वाढणार? पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर या सरकारी मापानं महिन्याला वीस युनिट पाणी लागतं. तेवढ्याचं आजचं बिल किती आणि पाच वर्षांनंतरचं किती, हे लिहूनच मागा.

झोपडपट्टीत आणि नव्या वस्त्यांत नळ किती दिवसांत जाणार? बिल थकलं तर गरिबाचं पाणी तोडणार का? संयुक्त राष्ट्रसंघानं २०१० मध्ये पाण्याला मानवी हक्क म्हटलं आहे. तो हक्क थकबाकीच्या यादीत कसा सांभाळणार?

विहिरी, हातपंप आणि सार्वजनिक नळ राहणार की जाणार? खंडव्याचा धडा विसरू नका.

पाणी तपासणार कोण? ज्यानं पाणी द्यायचं त्यानंच 'पाणी शुद्ध आहे' असा दाखला द्यायचा, हे बरं नव्हे. तपासणी तिऱ्हाइताकडून व्हावी आणि निकाल वॉर्डात लागावेत.

आणि ठरल्या वेळेत काम झालं नाही तर दंड किती आणि तो वसूल कोण करणार? दुष्काळ पडला तर तोटा कुणाचा? यंत्रणा परत घ्यायची वेळ आली तर ती चालवू शकतील अशी माणसं महापालिकेत उरलेली असतील का? सगळे अनुभवी हात निवृत्त झाले आणि नकाशेसुद्धा कंपनीच्याच कपाटात राहिले, तर करार मोडण्याचा अधिकार नुसता कागदावरच राहील.

यात आपलीही एक बाजू आहे. टुल्लू पंप आपणच लावतो, मीटर आपणच बंद पाडतो आणि पाणीपट्टी निवडणुकीपर्यंत थकवली की माफ होते, हेही आपल्याला पाठ असतं. महापालिका असो वा कंपनी, फुकटच्या पाण्यावर कुणीही चोवीस तास नळ चालवू शकत नाही. रास्त दर द्यायची तयारी ठेवली, तरच रास्त प्रश्न विचारताना आवाज खणखणीत निघतो.

जबलपूर असो, नागपूर असो की आपलं गाव असो, पाण्याचा कागद नगरपालिकेच्या सभेत येतो तेव्हा प्रेक्षक गॅलरी बहुधा रिकामी असते. त्या दिवशी चार जणांना घेऊन तिथं जाऊन बसा. त्यात घरचं पाणी भरणाऱ्या दोन बाया तरी असू द्या. कोणत्या कलमानं आपला दिवस सुधारेल आणि कोणत्यानं बिघडेल, हे सल्लागारांच्या जाड अहवालापेक्षा त्यांना लवकर कळतं.